१९८६ आधीच्या विमा पॉलिसींनी आजच्या प्रदूषणाची सफाई करावी का?

मृण्मयी: न्यू जर्सीत मी जुन्या विमा पॉलिसी शोधायचं काम करते. गेल्या महिन्यात एका आजींच्या तळघरात चार तास बसले होते. यजमान वारले, ड्रायक्लीनिंगचं दुकान कधीच विकलं, आणि आता जमिनीत पर्क्लोरोइथिलीन (कपडे धुण्याचं द्रावण, थोडक्यात 'पर्क') सापडल्याचं राज्याचं पत्र आलंय. बुटाच्या खोक्यात चेकची अर्धुकं होती. एकावर यजमानांच्या बारीक अक्षरात विमा कंपनीचं नाव, पॉलिसी नंबर आणि साल १९७१. ते हाती लागलं तेव्हा मला रडूच आलं.

त्या काळच्या दायित्व विम्यात (दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा विमा) नुकसान कोणत्या वर्षी झालं ते बघतात. दावा पन्नास वर्षांनी आला तरी त्या वर्षाची पॉलिसी लागू होते. दुसरीकडे प्रदूषित जागांच्या सफाईचा १९८०चा सुपरफंड कायदा जुन्या कृत्यांनाही लागू होतो, चूक कुणाची हे न बघता, आणि अख्खा खर्च एकाच माणसाकडूनही मागता येतो. न्यू जर्सीचा कायदाही त्याच वळणाचा. जबाबदारी मागच्या तारखेची असेल, तर त्या तारखेच्या विम्यानेही पैसे द्यायलाच हवेत.

निखिल: मी विमागणिती आहे, मला हे पटत नाही. १९६८मध्ये हप्ता ठरवणाऱ्यासमोर काय होतं? दुकानात पाय घसरून पडलेलं गिऱ्हाईक. सुपरफंड यायला अजून १२ वर्षं होती. ज्या जोखमीचे पैसे घेतलेच नाहीत, ती नंतर गळ्यात मारायची? लॉइड्स या लंडनच्या विमा बाजाराला १९८८ ते १९९२ या काळात सुमारे ८ अब्ज पौंडांचा तोटा झाला, त्यात ॲस्बेस्टॉस आणि प्रदूषणाच्या जुन्या अमेरिकी दाव्यांचा मोठा वाटा होता. अमर्याद जबाबदारी घेतलेले कितीतरी गुंतवणूकदार देशोधडीला लागले. तीही माणसंच होती.

मृण्मयी: त्यांचं वाईट वाटतंच. पण 'जोखीम माहीतच नव्हती' हे मान्य नाही. १९६६च्या प्रमाणित मसुद्यात सतत किंवा वारंवार संपर्कातून होणारं नुकसान कंपन्यांनीच घातलं. १९७०नंतर 'अचानक आणि अपघाती' नसलेलं प्रदूषण वगळणारं कलम आणलं, तेव्हा राज्यांच्या नियामकांना सांगितलं की हा फक्त खुलासा आहे. हप्ते काही कमी केले नाहीत. न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९३मध्ये मॉर्टन खटल्यात नेमकं हेच धरलं आणि त्या कलमाच्या शब्दांवर बोट ठेवून हात झटकू दिले नाहीत. सरसकट प्रदूषण वगळणारं कलम १९८६च्या सुमाराला आलं. आधीपासून वगळलेलंच होतं, तर ते नव्याने कशाला लिहावं लागलं?

निखिल: मॉर्टन हा एका राज्याचा निकाल आहे. बऱ्याच राज्यांत 'अचानक' म्हणजे अचानकच, वीस वर्षं झिरपणं नव्हे. आणि सांडपाणी मुद्दाम गटारात सोडलं असेल तर तो अपघात कसा?

मृण्मयी: सेपरेटरचं (पर्क आणि पाणी वेगळं करणाऱ्या यंत्राचं) पाणी गटारात सोडायची तेव्हा सर्रास पद्धत होती. पाइपाच्या सांध्यांतून ते जमिनीत उतरेल हे त्या माणसाला ठाऊक नव्हतं. पर्क पाण्यापेक्षा जड, भूजलातही खालीच जातं.

वसुधा: तुमचं दोघांचं चालू द्या, पण माती कधी साफ होणार? रँड या अमेरिकी संशोधन संस्थेच्या अभ्यासानुसार १९८९मध्ये विमा कंपन्यांच्या सुपरफंड खर्चातले ८८ टक्के वकील आणि वाटाघाटींत गेले. तोवर पर्कची वाफ शेजारच्या घरांत शिरत राहते, लहान मुलं झोपतात त्या खोल्यांतसुद्धा. त्यापेक्षा रसायन कंपन्यांवर कर लावा आणि त्या पैशांतून सफाई करा. १९९५मध्ये संपलेला तो कर २०२१च्या कायद्याने परत आलाच आहे.

मृण्मयी: वसुधाताई, ८८ टक्क्यांचं खरं आहे, आणि ते मलाही टोचतं. पण त्या कराच्या सुपरफंड निधीतून पूर्ण सफाई होते ती राष्ट्रीय अग्रक्रम यादीतल्या जागांचीच. कोपऱ्यावरचं दुकान त्या यादीत सहसा येत नाही. आजींकडे घराशिवाय काही नाही.

वसुधा: मग निदान खटला संपेपर्यंत तपासणीचा खर्च कंपनीने उचलावा. भरपाईचं नंतर भांडा.

निखिल: बचावाचा खर्च हक्क राखून, म्हणजे भरपाई नाकारायची मुभा ठेवून, देण्याला माझी हरकत नाही. नुसत्या अर्धुकावर पूर्ण भरपाई मात्र नाही. पॉलिसीच्या अटी आणि मर्यादा सिद्ध व्हायला हव्यात.

मृण्मयी: म्हणूनच आता त्या वर्षीचा छापील मसुदा आणि एजंटाचं जुनं दप्तर शोधतेय. कंपनीला सूचनापत्र त्याच संध्याकाळी पाठवलं, कारण उशिरा कळवलं म्हणून दावे गेलेले मी पाहिलेत. तपासणीची पहिली विहीर मंगळवारी खोदणार आहेत. बिल कुणाच्या नावावर फाडायचं, ते अजून ठरलेलं नाही.