डिस्नेलँडची जुनी तिकिटे, नकाशे आणि मासिके: काय ठेवावे, कसे ओळखावे, पुण्यात कसे टिकवावे?

प्रश्न: अनाहाइमवासी

सप्रेम नमस्कार. मी बरीच वर्षे दक्षिण कॅलिफोर्नियात, अनाहाइम येथील डिस्नेलँड या करमणूक उद्यानापासून फार दूर नसलेल्या गावात राहते. या उद्यानाशी निगडित जुने कागद जमवण्याचा नाद मला येथेच लागला. आता पुण्याला कायमचे परतण्याचे ठरले असल्याने संग्रहाचे काय करावे, हा प्रश्न उभा राहिला आहे.

परिसरातील एका वृद्ध दांपत्याच्या घराची आवराआवर झाली, तेव्हा विक्रीस काढलेल्या सामानातून मी एक खोके घेतले होते. त्यात तिकिटांची अर्धवट वापरलेली काही पुस्तके, घडी घातलेला एक मोठा रंगीत नकाशा, पर्यटकांसाठी निघणाऱ्या ‘व्हेकेशनलँड’ या नियतकालिकाचे अंक, ‘नॅशनल जिऑग्राफिक’चा ऑगस्ट १९६३ चा अंक आणि गुंडाळी करून ठेवलेले एक भित्तिचित्र आहे. तिकिटांच्या पुस्तकांतून ‘ए’ आणि ‘बी’ वर्गाची पाने भरपूर उरली आहेत, ‘ई’चे मात्र एकही नाही. एका विक्रेत्याने मला असे सुचवले की मासिके अखंड विकण्यापेक्षा त्यांतील डिस्नेच्या जाहिराती कापून एकेक विकाव्यात, त्यात अधिक पैसे मिळतात.

माझे प्रश्न असे: या कागदांचा काळ कसा ठरवावा, अस्सल आणि पुनर्मुद्रित यांतील फरक कसा ओळखावा, आणि पुण्याच्या पावसाळ्यात हे सारे टिकेल का? ते टिकणार नसेल, तर येथेच कोणा जाणकाराच्या हवाली करणे मला अधिक बरे वाटते.

उत्तर १: जुना छापखाना

ताई, आपण ‘ई’चे पान नसल्याबद्दल खंत करू नये, कारण त्या पुस्तकांचे तेच लक्षण आहे. उद्यान १७ जुलै १९५५ रोजी सुरू झाले तेव्हा मोठ्या माणसाचा प्रवेश एक डॉलर होता आणि आतील प्रत्येक आकर्षणाचे पैसे वेगळे द्यावे लागत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात आकर्षणांच्या दर्जानुसार ‘ए’, ‘बी’, ‘सी’ अशा तीन वर्गांच्या कुपनांचे पुस्तक निघाले, १९५६ मध्ये ‘डी’ आले आणि १९५९ मध्ये मॅटरहॉर्न, पाणबुडी व मोनोरेल ही मोठी आकर्षणे सुरू झाली तेव्हा ‘ई’ची भर पडली. लोक ‘ई’ची कुपने सर्वांत आधी संपवत, तर उद्यानातील मेन स्ट्रीट या रस्त्यावरची घोडागाडी आणि लाकडी घोड्यांचा पाळणा यांसाठी असलेली ‘ए’ची कुपने घरी परत येऊन टेबलाच्या खणात पडून राहत. म्हणूनच आज ‘ए’ आणि ‘बी’ मुबलक सापडतात आणि सगळी कुपने शाबूत असलेले पुस्तक क्वचित दिसते. १९८२ मध्ये ही पद्धत बंद होऊन एकाच तिकिटात सर्व आकर्षणे खुली झाली, त्यामुळे आपल्या पुस्तकांच्या काळाची दोन टोके येथेच निश्चित होतात.

मधला काळ ठरवण्यासाठी कुपनावर छापलेली आकर्षणांची यादी वाचावी. नव्या आकर्षणाचे नाव असेल तर कागद साधारणपणे त्यानंतरचा, आणि पुढे बंद पडलेल्या आकर्षणाचे नाव असेल तर तो बंद होण्यापूर्वीचा, एवढा साधा हिशेब आहे. ‘पायरेट्स ऑफ द कॅरिबियन’ मार्च १९६७ मध्ये आणि ‘हाँटेड मॅन्शन’ ऑगस्ट १९६९ मध्ये सुरू झाले, तर ‘नेचर्स वंडरलँड’मधून जाणारी खाणगाडी १९६० ते १९७७ या काळात होती. उद्यानाभोवती फिरणाऱ्या आगगाडीच्या नावात सांता फे या रेल्वे कंपनीचे नाव १९७४ पर्यंत होते, त्यामुळे ज्या कागदावर ते आहे तो त्या सालापर्यंतचा समजण्यास हरकत नाही. पत्त्यात पाच आकडी झिप कोड (अमेरिकेतील पिन कोड) असेल तर तो कागद जुलै १९६३ पूर्वीचा असूच शकत नाही. मालकी हक्काच्या (कॉपीराइटच्या) ओळीत ‘वॉल्ट डिस्ने प्रॉडक्शन्स’ हे नाव असणेही महत्त्वाचे आहे, कारण १९८६ मध्ये कंपनीने नाव बदलले. ‘साठच्या दशकातील’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूवर नुसतेच ‘डिस्ने’ असे छापलेले दिसले, तर मी तेथे दुसऱ्यांदा पाहण्याचेही कष्ट घेत नाही.

नकाशाच्या बाबतीत मात्र हा हिशेब सरळ लागू करू नये. विक्रीसाठीचा मोठा रंगीत नकाशा १९५८ मध्ये आला आणि तो सॅम मॅकिम या चित्रकाराने काढला होता. त्या काळच्या नकाशांवर जे बांधून झाले होते त्याबरोबर जे बांधायचे मनात होते तेही रंगवलेले असे, आणि त्यांतील काही भाग पुढे कधीच उभे राहिले नाहीत. ‘हाँटेड मॅन्शन’ची इमारत तर १९६३ मध्येच बाहेरून पूर्ण झाली होती आणि आत प्रवेश मिळायला आणखी सहा वर्षे लागली. त्यामुळे नकाशावर एखादे आकर्षण आहे एवढ्यावरून तो त्यानंतरचा आहे असे म्हणता येत नाही. नकाशापुरता भरवसा बंद पडलेल्या गोष्टींवर ठेवावा आणि कोपऱ्यातील सालाची ओळ भिंगाखाली तपासावी. मॅकिम यांच्या नकाशांची पुनर्मुद्रणे नंतर निघालेली आहेत, हेही ध्यानात असू द्यावे.

भित्तिचित्राची परीक्षा सर्वांत सोपी आहे. उद्यानाच्या आवारात लावलेली जुनी मोठी भित्तिचित्रे सिल्कस्क्रीन पद्धतीने, एकेक रंग स्वतंत्र चढवून छापली जात. दहापट मोठे दाखवणारे भिंग रंगाच्या एखाद्या सपाट भागावर धरावे. अस्सल चित्रात तेथे एकसंध, जाडसर, कडांशी किंचित उंचावलेला रंगाचा थर दिसतो, आणि एका रंगावर दुसरा चढलेला असेल तर कागद तिरपा करून उजेडात धरल्यावर त्याची पायरीही दिसते. निळे, गुलाबी, पिवळे आणि काळे बारीक टिपके दिसले तर ती ऑफसेट या यंत्रछपाईने काढलेली प्रत आहे. ती पुढे स्मरणिका म्हणून विकलेली असू शकते आणि भिंतीवर छानच दिसते, पण मोलाच्या दृष्टीने तिचे खाते वेगळे.

उत्तर २: बे एरियातील विक्रेता

मोलाविषयी थोडे स्पष्ट लिहितो, कारण बातम्या वाचून लोकांच्या अपेक्षा फार वाढतात. चित्रकार हर्ब रायमन यांनी १९५३ मध्ये वॉल्ट डिस्ने यांच्या सांगण्यावरून काढलेला उद्यानाचा पहिला आराखडा २०१७ च्या लिलावात ७ लाख ८ हजार डॉलरना गेला, हे खरे आहे. परंतु ते हाताने काढलेले एकमेव चित्र होते, आणि आपल्या खोक्यातील वस्तू छापील आहेत. ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या त्या अंकात डिस्ने यांच्यावर मोठा लेख आहे, तरी अमेरिकेत ते मासिक कोणी रद्दीत देत नसे. पिवळ्या पाठीच्या अंकांच्या रांगा आजही घरोघरी माळ्यावर सापडतात, त्यामुळे त्याला किंमत जवळजवळ नाही. ‘व्हेकेशनलँड’ची गोष्ट उलटी आहे. ते पर्यटकांना फुकट मिळे आणि वाचून फेकले जाई, म्हणून सुस्थितीतील अंक मिळणे अवघड असते. डिस्नेच्या सभासद कुटुंबांसाठी १९६५ च्या अखेरीस सुरू झालेले ‘डिस्ने न्यूज’ या दोहोंच्या मध्ये बसते.

जाहिराती कापण्याच्या सल्ल्यात व्यवहार आहे, हे मी नाकारणार नाही. ज्या अंकाची पाने आधीच सुटली आहेत आणि मुखपृष्ठ हरवले आहे, त्यातील जाहिरात चौकटीत लावून कोणाच्या दिवाणखान्यात गेली तर काय बिघडले?

उत्तर ३: रद्दीतले सोने

विक्रेते महोदयांशी मी एका मर्यादेपर्यंत सहमत आहे, आणि ती मर्यादा त्यांनीच सांगितलेली आहे: अंक आधीच मोडलेला असावा. अखंड अंकाला कात्री लावण्यास माझा ठाम विरोध आहे, आणि त्याचे कारण मराठी नियतकालिकांच्या संग्रहात मी रोज पाहतो. माझ्याकडे ‘किर्लोस्कर’ आणि ‘स्त्री’चे जुने अंक आहेत, आणि दीनानाथ दलालांच्या ‘दीपावली’चेही आहेत. दलालांची मुखपृष्ठे लोकांनी हौसेने काढून भिंतीवर लावली. काही ग्रंथालयांनी तर वर्षभराचे अंक एकत्र बांधताना मुखपृष्ठे व जाहिरातींची पाने निरुपयोगी म्हणून काढून टाकली. आज त्या काळातील साबण, शिवणयंत्रे, औषधे आणि त्यांच्या किमती यांचा अभ्यास करणाऱ्याला नेमकी तीच पाने हवी असतात, आणि बांधीव खंडात ती नसतात. जाहिरात कोणत्या लेखाशेजारी छापली होती, त्या महिन्यात तिच्या जोडीला आणखी काय होते, हे एकदा पान सुटले की पुन्हा कळत नाही. आपल्या ‘व्हेकेशनलँड’मध्ये उद्यानाइतकीच आसपासच्या मोटेलांची आणि खाणावळींची माहिती असेल, आणि अनाहाइमचा इतिहास लिहिणाऱ्याला कदाचित त्याचाच उपयोग अधिक होईल.

आता पुण्याविषयी. आपले कागद टिकतील, परंतु तेथील कोरड्या हवेत ते जसे आपोआप टिकले तसे येथे टिकणार नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता अनेक दिवस ऐंशी टक्क्यांच्या पुढे राहते, आणि कागदाला ती पन्नासच्या आत हवी असते. सर्वांत मोठा धोका ‘नॅशनल जिऑग्राफिक’सारख्या आर्ट पेपरच्या अंकांना आहे. त्या कागदावरचा गुळगुळीत लेप दमट झाला आणि तसाच दाबाखाली सुकला, तर पाने एकमेकांना अशी चिकटतात की सोडवताना छपाईच निघून येते. म्हणून असे अंक आडवे रचून त्यांवर ओझे ठेवू नये, उभे ठेवावेत आणि वाकू नयेत म्हणून मागे आम्लरहित पुठ्ठा द्यावा. न्यूजप्रिंटच्या, म्हणजे वर्तमानपत्री कागदाच्या, अंकांचे दुखणे निराळे आहे. त्यातील लाकडाच्या लगद्यामुळे ते पिवळे आणि ठिसूळ होतातच. ती प्रक्रिया उजेड व उष्णता टाळून मंद करता येते, थांबवता येत नाही.

वेष्टनासाठी पॉलिएस्टरची पाकिटे तेथूनच आणावीत. कार्यालयात वापरतात ती मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटे वापरू नयेत, कारण काही वर्षांत ती शाईला चिकटतात. लॅमिनेशन आणि सेलोटेप यांचा विचारही मनात आणू नये. कपाट गोदरेजचे असले तरी बाहेरच्या भिंतीला टेकवू नये, कारण ओल तेथूनच येते. चार बोटे अंतर ठेवावे आणि खालचा कप्पा रिकामा सोडावा. डांबराच्या गोळ्यांनी किडीला थोडाफार आळा बसतो, पण बुरशीला बसत नाही, शिवाय तो वास कागदातून वर्षानुवर्षे जात नाही. पावसाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा, उघडीप पडलेल्या दुपारी, कपाट उघडून पाने चाळणे हा कसर आणि वाळवी वेळीच दिसण्याचा सर्वांत खात्रीचा उपाय आहे. दर वर्षी हे करण्याचा कंटाळा येणार असेल तर संग्रह तेथेच द्यावा, असे मी प्रांजळपणे सुचवेन.

अनाहाइमवासी

आपणा सर्वांची मनःपूर्वक आभारी आहे. भित्तिचित्रावर भिंग धरले तेव्हा बारीक टिपके दिसले, म्हणजे ते नंतरचे आहे. ते आता निश्चिंतपणे मुलाच्या खोलीत लावता येईल. तिकिटांची पुस्तके, नकाशा आणि ‘व्हेकेशनलँड’ सोबत नेण्याचे ठरवले आहे, आणि एकही अंक कापणार नाही. दोन शंका उरल्या आहेत. काही अंकांच्या पिना गंजून भोवती तांबूस डाग पडले आहेत, त्या काढाव्यात का? आणि घरचे सामान जहाजाने जाणार आहे, त्यात हे कागद ठेवले तर चालतील का?

उत्तर ४: जुना छापखाना

पिना काढण्यास हरकत नाही, परंतु पिना काढायच्या चिमट्याने ओढू नयेत. अंक मधोमध उघडून आतील बाजूस वळलेली दोन्ही टोके बोथट सुरीने हळूच सरळ करावीत आणि मग पाठीकडून पीन सैल करून घ्यावी. ती कागदाला चिकटली असेल तर तशीच राहू द्यावी. नवी पीन न मारता त्याच भोकांतून सुती दोरा ओवून सैलसर गाठ द्यावी. गंजाचा डाग घरी धुण्याचा प्रयत्न करू नये.

जहाजातून कागद मुळीच पाठवू नयेत. बंद कंटेनरमध्ये दिवसा तापलेली हवा रात्री थंड होते, छताच्या पत्र्यावर पाणी धरते आणि ते खालच्या खोक्यांवर ठिबकते. प्रवास काही आठवड्यांचा असतो आणि मध्ये कोणी पाहायला नसते. आपला ऐवज एका हातपिशवीत मावण्याजोगा आहे, तो विमानात स्वतःजवळ ठेवावा. नकाशाची घडी जुनीच आहे, ती उलगडून गुंडाळीत नेण्याचा मोह टाळावा, कारण साठ वर्षांच्या घडीवर कागद नेमका तेथेच फाटतो. घरी पोहोचल्यावर पाकिटे लगेच उघडू नयेत. खोलीच्या तापमानाला येईपर्यंत एक दिवस तशीच ठेवावीत.

उत्तर ५: बे एरियातील विक्रेता

‘ए’ आणि ‘बी’ची सुटी कुपने जास्त असतील तर त्यांतील काही येथे विकून पॉलिएस्टरच्या पाकिटांचा खर्च सहज निघेल. सुटी कुपने आणि पुस्तकात जोडलेली कुपने यांची सरमिसळ मात्र करू नका. पुस्तकात आहेत ती त्यातच राहू द्या.