बर्फ मुंबईत पडतो, नाशिकचं काय?

गोदाकाठची:
जयंत नारळीकरांची ‘हिमप्रलय’ ही विज्ञानकथा परवा पुन्हा वाचली. मुंबईत बर्फ! शाळेत असताना काटा आला होता. आता वाटलं, विज्ञानकथेतलं हवामान एका दणक्यातच का बिघडतं? २०१६च्या एप्रिलमध्ये आपलं गोदावरीतलं रामकुंड कोरडं पडलं. त्याच वर्षी ऑगस्टात पूर, आणि पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं ते बघायला अख्खं गाव पुलावर. महिन्याभरात सगळे विसरले. हे विसरणं कुठल्या कथेत येतं?

निफाडकर:
ताई, द्राक्षाच्या फुलोऱ्यात पाऊस, मग केवडा रोग, मग आठवड्यात किती फवारण्या, याची कथा केलीत तर कृषी खात्याचं पत्रक होईल. ते आम्ही घरी रोज वाचतो. आणि दणका नसतो कसा? मार्च २०१४च्या गारपिटीत आमची तयार बाग एका दुपारी गेली. ‘हळूहळू बिघडतं’ म्हणणाऱ्यांची बाग नसते.

गोदाकाठची:
दुपार एक, पण कर्ज किती वर्षं फेडलंत? मला ती वर्षं हवीत. कथेत शास्त्रज्ञ आधी सांगतो, कोणी ऐकत नाही, शेवटी सगळे त्याच्याच दारात. आपल्याकडे कोण कुणाच्या दारात जातं?

अशोकस्तंभ:
दणक्याला उगाच नावं ठेवताय. १९९१ साली फिलिपाइन्समध्ये पिनाटुबो ज्वालामुखीचा उद्रेक झाला आणि जगाचं सरासरी तापमान साधारण अर्धा अंश उतरलं. किम स्टॅनली रॉबिन्सनच्या २०२०च्या कादंबरीत उत्तर प्रदेशात उष्णतेच्या लाटेत माणसं पटापटा मरतात, मग भारत तीच ज्वालामुखीची नक्कल करून आकाशात गंधक फवारतो. सुरुवात दणक्याने, पुढची जाडजूड कादंबरी मात्र बँका, बैठका आणि वाटाघाटींची. (मधली काही पानं मी उलटली, खोटं कशाला बोलू.) तुमची ‘ती वर्षं’ तिथे आहेत. फक्त ती एका अमेरिकन माणसाने लिहिली, याची लाज वाटायला हवी.

गोदाकाठची:
हे मान्य. पण नाशिकच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष नारळीकरच होते ना, २०२१ला? तेव्हा तरी या विषयावर इथे कुणी कथा लिहायला घेतली?

निफाडकर:
संमेलनाच्या तोंडावरच अवकाळी झाला होता, ताई. गावात मंडप भिजेल म्हणून धावपळ. मी बागेत, ट्रॅक्टर चिखलात रुतलेला, फवारणीचा ब्लोअर आत जाईना, आणि घड डोळ्यांदेखत कुजत होते. तेव्हा कथा कोण लिहिणार?