डोक्यातले फोड गोळ्या थांबल्या की परत येतात, आधी कोणती तपासणी करावी?

टाळूवर आणि मानेच्या वरच्या भागात केसांच्या मुळाशी पुवाचे बारीक फोड येतात. फुटले की पिवळी खपली धरते, उशीच्या अभ्र्याला डाग पडतात, कंगवा नुसता लागला तरी कळ येते. आता टाळूवर एका जागचे केस गेलेत आणि तिथली कातडी गुळगुळीत, चकचकीत झाली आहे. मला खरी धास्ती त्याचीच आहे, कारण व्रण पडलेल्या जागी केस पुन्हा उगवत नाहीत.

केटोकोनॅझोल २ टक्क्यांचा शाम्पू नेमाने वापरला. कोंडा गेला, फोड नाही. त्वचारोगतज्ज्ञांनी क्लिंडामायसिन लोशन आणि डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या (दोन्ही अँटिबायोटिक) दिल्या. गोळ्या चालू असेपर्यंत डोकं स्वच्छ, बंद केल्या की पुन्हा तेच. मधुमेह नाही, उवा नाहीत, घरात कुणाला असा त्रास नाही. तेल आणि डाय कधीच बंद केलंय. जखमा ओल्या आहेत, त्यामुळे लिंबू-कांद्याचे लेप कृपया सुचवू नका.

पुवाचं कल्चर (त्यात कोणते जंतू आहेत ते पाहणारी तपासणी) किंवा बायोप्सी (कातडीचा छोटा तुकडा काढून तपासणं) अजून झालेली नाही. पुढच्या भेटीत डॉक्टरांकडे आधी कशाचा आग्रह धरू? आणि ज्यांना फॉलिक्युलायटिस डिकॅल्व्हन्सचं (केसांच्या मुळाशी पुवाचे फोड येऊन व्रण पडतात आणि केस कायमचे जातात, तो आजार) निदान झालंय, त्यांचे फोड नेमक्या कोणत्या उपचाराने थांबले?