औषध घेणं म्हणजे अविश्वास? आमच्या ग्रुपवरच्या एका पोस्टला उत्तर

नगरवाली
सर्वांना सलाम. आमच्या चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर परवा एका 'ख्रिस्ती समुपदेशका'ची पोस्ट फिरली. "नैराश्य म्हणजे प्रभूच्या योजनेवरचा अविश्वास. गोळ्या मन बधिर करतात, वचन मोकळं करतं. ८ आठवड्यांत तुमच्या जीवनाचा हेतू ओळखा." खाली बायबलमधलं यिर्मया २९:११ ('तुमच्याविषयीचे माझे संकल्प हिताचे आहेत'), त्याच्या खाली पैसे पाठवायचा नंबर आणि मग 'आमेन'ची रांग. मी उत्तर दिलं तर ॲडमिनने 'वाद नको' म्हणत उडवलं. म्हणून इथे.

अकरावं वचन सगळ्यांना पाठ. दहावं कोण वाचणार? ते यिर्मया संदेष्ट्याचं पत्र बाबेलात (बॅबिलोनमध्ये) नेलेल्या यहुदी बंदिवानांना आहे. ७० वर्षं थांबा, असं सांगितलंय. म्हणजे ऐकणाऱ्यांतले बहुतेक तिथेच मरणार होते. तोवर काय करायचं? घरं बांधा, मळे लावा, पोरांची लग्नं करा, ज्या शहरात नेऊन टाकलंय त्याच्यासाठी प्रार्थना करा. यात 'माझं पाचारण कोणतं', म्हणजे देवाने मला कशासाठी बोलावलंय, हे कुठे आलं?

आणि एलीया संदेष्टा? "आता पुरे, माझा जीव घे" म्हणत रतामाच्या झुडपाखाली आडवा झाला. देवदूताने त्याला हेतू विचारला का? निखाऱ्यावरची भाकर दिली, पाणी दिलं, पुन्हा झोपू दिलं. मग परत उठवून खायला घातलं. काम सांगितलं ते होरेब डोंगरावर पोचल्यावर.

माझ्या मावसभावाच्या गोळ्या अशाच एकाने बंद करायला लावल्या. महिन्याभरात तो रात्रभर अंगणात फेऱ्या घालायला लागला. समुपदेशक म्हणतो, "सैतान निघताना त्रास देतोच." शेवटी आम्ही त्याला पुण्याला नेऊन दाखल केलं. फी परत मिळाली नाही, हे सांगायला नकोच.

पाळकाचा पोरगा
ताई, एका भोंदूवरून सगळ्यांना झोडपू नका. माझे वडील तालुक्याच्या गावी पाळक (पास्टर) आहेत. रात्री दीडला दार वाजतं, बाहेर रडणारी बाई आणि मागे दोन पोरं. तेव्हा तुमचे मानसोपचारतज्ज्ञ जिल्ह्याच्या गावी झोपलेले असतात. वडील फी घेत नाहीत, चहा पाजतात, ऐकून घेतात. आणि हो, प्रार्थनाही करतात.

बारावीनंतर मी खचलो होतो. शहरातल्या एका मॅडमकडे गेलो. "प्रार्थनेत वाटलं, देव बोलला" एवढंच म्हणालो, तर पेन उघडून विचारतात, "आवाज पुरुषाचा की बाईचा?" पुन्हा पायरी चढलो नाही.

नगरवाली
मॅडम मूर्ख होत्या, मान्य. म्हणून गोळ्या सैतानाच्या कशा झाल्या?

मिरजेची सिस्टर (निवृत्त)
अरे, तुम्ही कुणाची लेकरं? मिरजेत मिशनरी डॉक्टर वॉनलेस साहेबांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभं केलं ते काय अविश्वासातून? वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात (सीएमसी) मानसोपचार शिकवतात, तेही ख्रिस्ती हॉस्पिटलच ना? शुभवर्तमान लिहिणारा लूक वैद्य होता. प्रेषित पौल आपल्या शिष्याला, तीमथ्याला, पोटासाठी थोडा द्राक्षारस घे म्हणतो, उपास कर म्हणत नाही. 'बायबल असताना मानसशास्त्र कशाला' हे खूळ अमेरिकेतून आलंय, जे ॲडम्स नावाच्या पाळकाने १९७० मध्ये त्याला जोर दिला. आमच्या आज्यांना हे ठाऊकही नव्हतं.

पाळकाचा पोरगा
सिस्टर, शरीराचा आजार डॉक्टरकडेच न्या, असं ॲडम्सही म्हणतात. निदान वाचून तरी बोला.

मिरजेची सिस्टर (निवृत्त)
मग शरीराचा कुठे संपतो आणि मनाचा कुठे सुरू होतो, हे कोण ठरवणार? तो आठ आठवड्यांवाला? चाळीस वर्षं वॉर्डात काढलीत मी, बाळा. मला वाचायला नको सांगूस.

गप्प बसलेली
ते गोळ्यांचं तुम्ही बघा. मला एवढंच विचारायचंय, पोटात ठेवतं का कुणी? लग्नानंतर मी पाळकीणबाईंना एक गोष्ट सांगितली. पुढच्या बुधवारच्या प्रार्थनासभेत विनंती आली: "एका नवविवाहित बहिणीच्या घरातल्या शांतीसाठी." मंडळीत त्या वर्षी लग्न एकच झालं होतं. सासूबाई शेजारीच बसल्या होत्या, डोळे मिटून.

सोमवार पेठ
हाहा, 'प्रार्थनेसाठी विनंती' म्हणजे आमच्याकडचं सायंदैनिक. भावाची सोयरीक त्यातच मोडली.

वसईवाला
म्हणून आमच्या कॅथलिकांकडे कुमसार आहे, फादरपुढे एकांतात पापांची कबुली. तिथलं फादरनी बाहेर फोडलं तर चर्चमधून आपोआप बहिष्कृत. तुमचे पाळक फोडतात तेव्हा काय होतं? भजनाचा पुढचा नंबर सांगतात?

सोमवार पेठ
पाच मिनिटं जाळीआडून, मग तीन 'नमो मारिया' प्रार्थना, चला पुढचा. याला समुपदेशन म्हणायचं?

वसईवाला
समुपदेशन म्हटलंच नाही मी. समजेल तेवढंच वाचता. आणि आमच्या मारिया आईला नावं ठेवाल तर याद राखा.

नगरवाली
नमो मारिया कुठून आलं मध्येच? विषय गोळ्यांचा होता!

गप्प बसलेली
तुमचा असेल, ताई. माझा हाच आहे. ज्या दिवशी ती विनंती वाचली गेली, त्या दिवसापासून मी कुणाला काही सांगितलेलं नाही. देवालाही मोठ्याने नाही.

पाळकाचा पोरगा
ठीक आहे. गोळ्या बंद करा म्हणणारा गुन्हेगार, हे लिहून देतो, फ्रेम करा. बुधवारच्या विनंत्यांबद्दलही वडिलांशी बोललो. त्यांचं म्हणणं, नावं घेत नाही आम्ही. मी म्हटलं, साठ माणसांच्या मंडळीत नाव लागतंच कशाला? गप्प झाले. पण दार वाजवणाऱ्यांना 'डॉक्टरकडे जा' म्हणून ते परत पाठवणार नाहीत, हेही ऐकून ठेवा.

मिरजेची सिस्टर (निवृत्त)
परत कोण पाठवा म्हणतंय? चहा पाजा, प्रार्थना करा आणि १४४१६ लावून द्या. टेलिमानस, मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, सरकारी आहे, फुकट, मराठीत बोलतात.

पाळकाचा पोरगा
रात्री दीडला उचलतात?

मिरजेची सिस्टर (निवृत्त)
चोवीस तास. लावून बघ.

पाळकाचा पोरगा
वडील म्हणतात, आधी ते स्वतः लावून बघणार, मग मंडळीला देणार. सरकारी म्हटल्यावर भरवसा नाही त्यांचा.

गप्प बसलेली
बुधवारच्या सभेत स्पीकरवर लावू नका म्हणावं.