मदत हवी आहे: पितळी टर्मिनलच्या कार्बन हिशेबात परत जाणारे स्क्रॅप कसे धरावे?

नमस्कार. नवी मुंबईत रबाळे एमआयडीसीत आमचा पितळी सुटे भाग बनवण्याचा कारखाना आहे आणि तेथे मी गुणवत्ता विभाग सांभाळते. आमचे सर्वांत मोठे ग्राहक म्हणजे स्विचगिअर बनवणारी एक नोंदणीकृत कंपनी. त्यांनी एक एक्सेल तक्ता पाठवून आमच्या एका टर्मिनलचे प्रति नग कार्बन उत्सर्जन, खाणीपासून आमच्या फाटकापर्यंतचे, महिनाअखेरपर्यंत मागितले आहे. जीवनचक्र मूल्यमापन (एलसीए), म्हणजे वस्तूच्या सर्व टप्प्यांवरील पर्यावरणीय भाराचा हिशेब, आमच्याकडे यापूर्वी कोणी केलेले नाही. त्यासाठीची आयएसओ 14040 आणि 14044 ही मानके मी वाचली, ओपनएलसीए हे मोफत सॉफ्टवेअरही उतरवून घेतले. तरी एका ठिकाणी पुरती अडकले आहे.

मागणीचे मूळ मला समजते. सेबीने बाजारमूल्यानुसार पहिल्या 1000 कंपन्यांना 2022-23 पासून बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवाल सक्तीचा केला आणि जुलै 2023 च्या परिपत्रकाने पुरवठा साखळीची माहितीही त्यात आणली. पुढे पुरवठादारांसाठी खरेदीमूल्याच्या 2 टक्क्यांची मर्यादा आली आणि हा भाग ऐच्छिक झाला. आम्ही त्या 2 टक्क्यांत बसत असू असे वाटत नाही, परंतु ग्राहकाने विचारले आहे तर उत्तर द्यायचेच आहे, आणि खरे द्यायचे आहे. एका सल्लागाराने युरोपच्या सीबॅमचा, म्हणजे आयात मालावरील कार्बन शुल्काचा धाक घातला. त्या यादीत लोखंड-पोलाद आणि अॅल्युमिनियम आहे, पितळ नाही, एवढे मी स्वतः तपासले आहे.

विजेचा भाग बहुतेक सुटला आहे. आमची जोडणी उच्चदाबाची असल्यामुळे महावितरणचे बिल केव्हीएएचवर (प्रत्यक्ष वापराऐवजी भासमान विजेवर) येते, आणि पहिल्या हिशेबात मी तोच आकडा युनिट समजून भरला होता. आता केडब्ल्यूएच, म्हणजे प्रत्यक्ष वापरलेली युनिटे घेतली आहेत आणि केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा साधारण 0.7 किलो कार्बन डायऑक्साइड प्रति युनिट हा उत्सर्जन गुणांक लावला आहे. तो वीजकेंद्राच्या दारापाशीचा असल्याने वहनातील गळती वेगळी मिळवावी लागते, हेही लक्षात आले. सर्व यंत्रांना मीटर एकच आहे, म्हणून यंत्र-तासांनुसार वाटणी केली आहे.

खरी अडचण धातूची आहे. परवा मी शंभर नग काट्यावर घातले. एका नगासाठी सरासरी 41 ग्रॅम सळी लागते आणि तयार टर्मिनल 17 ग्रॅमचे होते. उरलेले 24 ग्रॅम कातकामाचा कीस म्हणून ट्रेमध्ये पडतात. हा कीस आम्ही भंगारवाल्याला विकत नाही. तेल निथळून, पोत्यांत भरून तो जामनगरच्या सळी उत्पादकाकडेच परत जातो. ते त्याच्या वजनातून वितळताना होणारी घट वजा करून, फक्त घडाई घेऊन तेवढी नवी सळी देतात. (स्टोअरच्या वहीत किसाचे वजन नेहमी हिशेबापेक्षा जास्त का भरते, याचा उलगडाही याच निमित्ताने झाला. वजन तेलासकट होत होते. आता स्पिनरमधून काढल्यावरच वजन करतो.)

ग्राहकाच्या तक्त्यात मात्र ‘कच्च्या मालाचे वजन गुणिले गुणांक’ एवढाच रकाना आहे आणि परत जाणाऱ्या मालाला जागाच नाही. 41 ग्रॅम धरले तर धातूपुरता आकडा 17 ग्रॅमच्या हिशेबाच्या जवळजवळ अडीच पट येतो. पहिला आकडा आमच्यावर अन्याय करतो. पण दुसराही मला पटत नाही, कारण तो कीस पुन्हा वितळवावा लागतो, त्याची सळी ओढावी लागते आणि जाता-येता सुमारे 800-800 किलोमीटरची वाहतूक होते. शिवाय जस्त 907 अंश सेल्सिअसलाच उकळत असल्याने वितळताना काही जस्त उडून जाते आणि ते नव्याने घालावे लागते.

म्हणून मी असा मार्ग काढला आहे: मूळ तांबे-जस्ताचा भार 17 ग्रॅम अधिक वितळण्यातील घट एवढ्यावर, सळी बनवण्याचा भार पूर्ण 41 ग्रॅमवर, येणाऱ्या सळीची वाहतूक 41 ग्रॅमवर आणि परतीची 24 ग्रॅमवर. सळी उत्पादकाच्या भट्टीत सगळ्यांचा कीस एकत्र होतो, त्यामुळे आमचाच धातू आमच्याकडे परत येतो असे म्हणता येणार नाही. परंतु पुनर्वापरात धातूचे मूळ गुणधर्म बदलत नसतील, तर बंद चक्राची पद्धत (धातू त्याच उत्पादनात परत येतो असे धरणे) वापरता येते असे 14044 सांगते.

जाणकारांना माझे प्रश्न असे आहेत. ही मांडणी तपासनिसासमोर टिकेल का? सळी उत्पादकाने आपली सळी मुख्यतः भंगारापासून बनते असे लेखी दिले आहे. त्यांच्या गुणांकात भंगार बिनभाराचे, म्हणजे शून्य उत्सर्जनाचे धरलेले असेल आणि मीही किसाची वजावट घेतली, तर एकच लाभ दोनदा मोजला जाईल. हे टाळण्यासाठी त्यांच्याकडून नेमकी कोणती माहिती मागवावी? आणि कथिलाचा मुलामा आम्ही तुर्भ्याला जॉबवर्कने करून घेतो, तेथे बिल किलोवर येते आणि विजेची वेगळी नोंद नाही. त्यांच्याकडून वर्षाची एकूण वीज आणि मुलामा दिलेले एकूण क्षेत्रफळ घेऊन भागाकार करणे पुरेसे होईल का? आमचा भाग लहान पण पृष्ठभाग मोठा असल्यामुळे वजनावर वाटणी केली तर आमच्या वाट्याला कमी भार येईल आणि जड भाग देणाऱ्यांच्या माथी तो पडेल, असे मला वाटते.

कोणी प्रत्यक्ष असा तक्ता भरून दिला असेल, तर किसाची नोंद कोठे आणि कोणत्या शब्दांत केली, तेवढे जरूर लिहावे. सध्या तरी मी दोन्ही आकडे देऊन त्यांतील फरक टिपेत स्पष्ट करण्याच्या विचारात आहे.