वेबसाइट ब्लॉक करून सायबर फ्रॉड खरंच कमी होतो का?

चैत्रपालवी
मंडळी, एक विचारायचंय. आमच्या मावशीला कुणीतरी व्हॉट्सॲपवर शेअर टिप्सच्या ग्रुपमध्ये ॲड केलं, तिथल्या लिंकवरून ट्रेडिंगची साइट उघडली, थोड्या दिवसांत पैसे दुप्पट झालेले दिसायला लागले आणि काढायला गेली तर म्हणे आधी "टॅक्स" भरा. आता ती साइट उघडत नाही, ब्लॉक झालीय. पण परवा दुसऱ्या एका ग्रुपवर बघते तर तोच हिरवा लोगो, तेच ग्राफ, फक्त पत्त्यात एक अक्षर जास्त आणि शेवटी डॉट कॉमच्या जागी डॉट टॉप! मग ब्लॉक करून उपयोग काय झाला?

राउटरवाला
ताई, ब्लॉक केली म्हणजे साइट बंद पडत नाही हो. सर्व्हर तिकडे चालूच असतो, आपल्याकडच्या इंटरनेट कंपन्या फक्त तिथे जाऊ देत नाहीत, तेही बऱ्याचदा डीएनएसमध्येच, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा खरा पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेतच, अडवतात. डीएनएस बदला किंवा व्हीपीएन (दुसरीकडच्या सर्व्हरमार्गे इंटरनेट वापरायची सोय) लावा, उघडते. आणि नवीन डोमेन शंभर-दोनशे रुपयांत मिळतं, साइट कॉपी करायला पाच मिनिटं. त्यापेक्षा रजिस्ट्रारकडून, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीकडून, डोमेनच सस्पेंड करून घेतलं तर ते जगभर बंद होतं.

सांगलीकर
मान्य, पण मावशींसारखी माणसं व्हीपीएन लावून स्वतःला फसवून घ्यायला जात नाहीत ना! सट्ट्याचं ज्याला व्यसन आहे तो शोधून काढेल, महादेव बुक हे सट्ट्याचं ॲप 2023 मध्ये ब्लॉक केलं तेव्हा सोबत अजून एकवीस ॲप आणि साइट होत्या, तरी सट्टा काही थांबला नाही. बँकेच्या खोट्या पेजचं तसं नाही. लिंकचे मेसेज एकदम हजारो लोकांना जातात, तासाभरात अडवली तर पुढचे कितीतरी वाचतात. आठ दिवसांनी ब्लॉक करून मात्र काही फायदा नाही, तोवर ते पुढच्या डोमेनवर गेलेले असतात.

कोडकाम
सरसकट ब्लॉक करण्याची मला भीतीच वाटते. 2014 च्या डिसेंबरात मुंबईच्या एटीएसच्या (दहशतवादविरोधी पथकाच्या) सांगण्यावरून 32 साइट ब्लॉक झाल्या त्यात कोड ठेवायची गिटहब, व्हिडिओची व्हिमिओ, मजकूर शेअर करायची पेस्टबिन पण होत्या. रोजचं काम करणारे डेव्हलपर अडकले आणि काही दिवसांनी परत चालू कराव्या लागल्या. त्यात आयटी कायद्याच्या कलम 69अ खालचे साइट ब्लॉक करायचे आदेश गोपनीय, आपली साइट का बंद झाली हे माणसाला कळत पण नाही.

राउटरवाला
मुख्य म्हणजे साइट हा नुसता दर्शनी भाग आहे, पैसा जातो बँक खात्यांत. कुणातरी पोराला कमिशन देऊन त्याचं खातं, एटीएम कार्ड, सिम सगळं भाड्याने घेतात आणि आलेला पैसा लगेच पुढच्या चार खात्यांत फिरवतात. अशी खाती मिळेनाशी झाली तर साइट असून पैसे घेणार कुठे? ताई, तुम्ही 1930 या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाइनला फोन केला होता का?

चैत्रपालवी
दोन दिवसांनी केला, तोवर तिला घरी सांगायचीच लाज वाटत होती. बिचारी अजून नीट जेवत नाही. आता काही होईल का?

सांगलीकर
पहिल्या काही तासांत केला तर पैसा वाटेतच होल्ड व्हायची शक्यता जास्त असते, पण नंतरही एखाद्या खात्यात थोडी रक्कम अडकलेली असू शकते. सायबर पोलिसांना विचारा किती होल्ड झाली, मग ती परत मिळवायला कोर्टात अर्ज करता येतो. प्रत्येक ट्रान्सफरचा यूटीआर नंबर (बँक त्या व्यवहाराला देते तो क्रमांक) काढून ठेवा, ग्रुप डिलीट करू नका, आणि "पैसे परत मिळवून देतो" म्हणून कुणाचा फोन आला तर सरळ कट करा, तेही फसवणारेच असतात.