सोसायटी ग्रुपवरील चर्चा : टर्की पक्ष्याला देशाचे नाव कसे मिळाले?

अ-२०३ : नमस्कार मंडळी. मुलीच्या शाळेतील प्रश्नमंजुषेत ‘टर्की हा पक्षी मूळचा कोठला?’ असा प्रश्न होता. पर्यायांमध्ये तुर्कस्तान, भारत, पेरू आणि मेक्सिको अशी चार नावे होती आणि बरोबर उत्तर मेक्सिको होते. ते उत्तर आम्हाला पटले. मात्र मेक्सिकोच्या पक्ष्याला तुर्कस्तानचे नाव का मिळाले, हे तिला समजावून सांगायचे आहे. क विंगमधील काकांचा या विषयाचा व्यासंग आहे, म्हणून त्यांनाच विनंती करते.

क-५०१ : ताई, प्रश्न काढणाऱ्याने पर्याय फार विचारपूर्वक निवडलेले दिसतात, कारण त्यांतील तीन चुकीच्या देशांची नावे या पक्ष्याला जगात खरोखरच मिळालेली आहेत. इंग्रजीत तो तुर्कस्तानचा आहे. तुर्की भाषेत त्याला ‘हिंदी’ म्हणतात, म्हणजे तो भारताचा झाला. फ्रेंचमधील ‘दँद’ या नावाचा अर्थही ‘इंडियातला’ असाच आहे. पोर्तुगीज लोक त्याला ‘पेरू’ म्हणतात. डच भाषेतील ‘काल्कून’ हे नाव थेट आपल्या कालिकत बंदरावरून आले आहे. मलय भाषेत तर तो ‘आयाम बलांदा’, म्हणजे डच कोंबडी, आहे.

आता हे घडले कसे ते सांगतो. मेक्सिकोमधील लोकांनी हा पक्षी स्पॅनिश लोक येण्याच्या कितीतरी शतके आधीपासून पाळलेला होता आणि नाहुआत्ल भाषेत त्याला स्वतःचे नावही होते. मेक्सिकोच्या स्पॅनिशमध्ये आजही प्रचलित असलेला ‘ग्वाहोलोते’ हा शब्द त्याच नावापासून आला आहे. सोळाव्या शतकाच्या आरंभी स्पॅनिश जहाजांतून हा पक्षी युरोपात पोहोचला. त्याच सुमारास आफ्रिकेतील गिनी फाऊल हा दुसराच पक्षी तुर्कांच्या ताब्यातील प्रदेशांतून येणाऱ्या व्यापाऱ्यांमार्फत युरोपात विकला जात असे आणि इंग्लंडमध्ये त्याला ‘टर्की कॉक’ म्हणत. दोन्ही पक्षी परके, दोन्ही खाण्यासाठी आणलेले आणि दोन्ही समुद्रमार्गे आलेले. त्यामुळे लोकांनी त्यांची गल्लत केली. पुढे आफ्रिकेच्या पक्ष्याचे नाव अमेरिकेच्या पक्ष्याला चिकटले आणि मूळ धन्याला दुसरे नाव शोधावे लागले.

भारताचे नाव येण्याचे कारण वेगळे आहे. कोलंबस १४९२ मध्ये अमेरिकेच्या बेटांवर उतरला तेव्हा आपण आशियाच्या पूर्वेकडील ‘इंडीज’ प्रदेशात आलो आहोत, अशी त्याची समजूत होती. ती समजूत खोटी ठरल्यानंतरही स्पेनच्या दरबारी कागदपत्रांत अमेरिकेचा उल्लेख ‘इंडियास’ असाच होत राहिला. त्यामुळे फ्रेंच नावातील ‘इंडिया’ हा बहुधा स्पेनच्या ताब्यातील अमेरिकाच होता. ऐकणाऱ्यांना मात्र त्यातून आपला भारत ऐकू आला आणि डचांनी तर एक पाऊल पुढे जाऊन भारतातील नेमके बंदरही ठरवून टाकले.

ब-१०४ : काका, माहिती उत्तम आहे. एक शंका विचारते. बोलीभाषेतील नावांत अशी गल्लत होणे समजू शकते. पण शास्त्रज्ञांनी नाव देताना तरी ही चूक दुरुस्त केली असेल ना?

क-५०१ : वहिनी, ती दुरुस्त झाली नाही. लिनिअसने १७५८ मध्ये या पक्ष्याला ‘मेलिआग्रिस गॅलोपाव्हो’ असे नाव दिले. यातील ‘मेलिआग्रिस’ हा प्राचीन ग्रीक शब्द असून त्याचा अर्थ गिनी फाऊल असा आहे. म्हणजे बाजारातील गल्लत जशीच्या तशी विज्ञानाच्या दप्तरात नोंदली गेली आणि नामकरणाच्या नियमांमुळे ती आता कायमची झाली आहे. मुलीला हा तपशील अवश्य सांगा. मला स्वतःला या सगळ्या कथेत तोच सर्वाधिक मोलाचा वाटतो.

यातून मी एक गोष्ट शिकलो. एखाद्या वस्तूचे नाव ती कोठे जन्मली हे क्वचितच सांगते. ती आपल्यापर्यंत कोणी आणली, किंवा ती कोणी आणली असे लोकांना वाटले, हे मात्र नाव बहुतेक वेळा सांगते. त्यामुळे नावावरून उगम ठरवू नये आणि उगम वेगळा निघाला म्हणून नावाला निरर्थकही समजू नये.

ड-३०२ : याच संदर्भात चहाविषयी मी एक नियम वाचला होता. ज्या देशांत चहा जमिनीवरून गेला तेथे त्याला ‘चा’ किंवा ‘चाय’ म्हणतात आणि जेथे तो समुद्रातून गेला तेथे ‘टी’ किंवा ‘ते’ म्हणतात. हा नियम खरा मानावा का?

क-५०१ : बऱ्याच अंशी तो खरा आहे, पण जसा सांगितला जातो तसा पूर्ण नाही. चीनमध्ये या वनस्पतीसाठी एकच चिन्ह लिहितात. उच्चार मात्र प्रांतागणिक बदलतो. मँडरिन आणि कँटोनीजमध्ये उच्चार ‘चा’ असा होतो, तर आग्नेय किनाऱ्यावरील फुजियान प्रांताच्या मिन बोलीत तो ‘ते’ असा होतो. डच ईस्ट इंडिया कंपनी १६०२ मध्ये स्थापन झाली आणि तिचा चहाचा व्यवहार प्रामुख्याने याच मिन भाषक व्यापाऱ्यांशी झाला. त्यामुळे डचांच्या मागोमाग इंग्रज, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश आणि इटालियन या सर्वांनी ‘ते’ हाच उच्चार उचलला. दुसरीकडे खुष्कीच्या मार्गाने मध्य आशियातून इराणकडे गेलेला चहा ‘चाय’ झाला आणि रशियन, तुर्की व हिंदी भाषांत तोच शब्द रुजला.

या नियमाला धक्का देतात ते पोर्तुगीज. ते समुद्रातूनच चीनला गेले होते आणि इतर पश्चिम युरोपीयांच्या कितीतरी आधी गेले होते. १५५७ पासून मकाऊ येथे त्यांची वसाहत होती. तरीही पोर्तुगालमध्ये आजही चहाला ‘शा’ म्हणतात, कारण मकाऊच्या परिसरात कँटोनीज बोलली जाते. जपानमध्येही चहा समुद्र ओलांडूनच गेला आणि तेथेही ‘चा’ हाच उच्चार आहे. तेव्हा जमीन की समुद्र यापेक्षा पहिला सौदा कोणत्या बंदरात आणि कोणत्या बोलीत झाला, याला अधिक महत्त्व आहे. आपला मराठी ‘चहा’ उघडच ‘चा’ कुळातला आहे, तर तमिळमधील ‘तेनीर’ हा शब्द ‘ते’ कुळातला आहे. एकाच देशात दोन्ही कुळे नांदत आहेत.

इंग्लंडमधील नोंदीही वाचण्यासारख्या आहेत. लंडनमधील सॅम्युएल पेपिस या अधिकाऱ्याने २५ सप्टेंबर १६६० रोजी आपल्या दैनंदिनीत लिहिले आहे की, त्याने एक पेला ‘टी’ मागवला, हे चिनी पेय आहे आणि यापूर्वी ते त्याने कधीही प्यायले नव्हते. ‘चिनी पेय’ हा खुलासा त्याला स्वतःच्याच वहीत करावासा वाटला, यावरून ते पेय तेव्हा किती नवखे असेल याची कल्पना येते. ‘पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन हिने इंग्लंडमध्ये चहा आणला’ असा संदेश नेहमी फिरत असतो, पण तिचा विवाह १६६२ मध्ये झाला, म्हणजे पेपिसच्या नोंदीनंतर. तिने दरबारात चहा प्रतिष्ठित केला असे म्हणावे. तो पहिल्यांदा आणला असे म्हणू नये.

ब-१०४ : मग संत्र्याचे काय? रंगावरून फळाला ‘ऑरेंज’ म्हणतात की फळावरून रंगाला?

अ-६०४ : याचे उत्तर मी देतो, कारण भाषाविज्ञान हा माझ्या अभ्यासाचा विषय आहे. फळाचे नाव आधीचे असून रंगाचे नंतरचे आहे. शब्दाचा प्रवास असा सांगता येतो : द्राविड भाषांतून तो संस्कृतमध्ये ‘नारङ्ग’ म्हणून आला, फारसीत ‘नारंग’ आणि अरबीत ‘नारंज’ झाला, अरबांबरोबर स्पेनमध्ये जाऊन ‘नारांहा’ बनला. स्पॅनिशने आरंभीचा ‘न’ जपला. इटालियनमध्ये मात्र ‘उना नारांचा’ असे म्हणताना आधीच्या ‘उना’मधील ‘न’ कोणता आणि फळाच्या नावातील ‘न’ कोणता, हा भेद पुसला गेला आणि ‘आरांचा’ एवढेच नाव उरले. फ्रेंचमध्येही ‘न’ गळाला आणि तेथून इंग्रजीला ‘ऑरेंज’ मिळाले. रंग या अर्थाने हा शब्द इंग्रजीत सोळाव्या शतकाच्या आरंभापासून आढळतो. त्यापूर्वी त्या छटेला ‘पिवळा-तांबडा’ अशा जोडशब्दाने ओळखत. म्हणूनच रॉबिन पक्ष्याची छाती स्पष्ट नारिंगी असूनही इंग्रजीत त्याला जुन्या काळापासून ‘लाल छातीचा’ म्हणतात.

पुढची हकीकत काकांच्या मुद्द्याला पूरक आहे. अरबांनी युरोपात नेलेले फळ कडू जातीचे होते. गोड जात पुढे पोर्तुगीज व्यापाऱ्यांमुळे सर्वत्र पसरली आणि मग गोड फळाला थेट पोर्तुगालचेच नाव पडले : अरबीत ‘बुर्तुकाल’, तुर्कीत ‘पोर्ताकाल’, ग्रीकमध्ये ‘पोर्तोकाली’. डच मात्र त्याला ‘सिनासआपल’, म्हणजे चीनचे सफरचंद, म्हणतात आणि या एका बाबतीत त्यांचे नाव फळाच्या उगमाच्या जवळ पोहोचते.

ड-३०२ : नेदरलँड्सचे ऑरेंज राजघराणे आणि त्यांच्या खेळाडूंचा नारिंगी पोशाख यांचे नावही याच फळावरून आले असणार.

अ-६०४ : नाही, दादा. ते नाव दक्षिण फ्रान्समधील ऑरेंज या गावावरून आले आहे. रोमन काळात त्या गावाला ‘आराउसिओ’ म्हणत आणि त्या शब्दाचा फळाशी काहीही संबंध नाही. दोन वेगळे शब्द झिजत झिजत फ्रेंचमध्ये एकसारखे झाले. पुढे राजघराण्याने त्या साम्यामुळेच नारिंगी रंग आपलासा केला. व्युत्पत्तीच्या अभ्यासात पहिला धडा हाच असतो की, आजचे साम्य हा पुरावा नसून जुन्या लेखनातील रूपे हा पुरावा आहे.

क-५०१ : हे वाक्य मला फार महत्त्वाचे वाटते, कारण आपल्या ग्रुपवर येणारे पुष्कळसे संदेश या कसोटीला उतरत नाहीत. गेल्या महिन्यात कोणीतरी पाठवले होते की, उत्तर, पूर्व, पश्चिम आणि दक्षिण यांच्या इंग्रजी आद्याक्षरांपासून ‘न्यूज’ हा शब्द बनला. हा शब्द म्हणजे ‘नवीन’ या अर्थाच्या ‘न्यू’ शब्दाचे अनेकवचन आहे, फ्रेंचमध्येही बातमीला ‘नवीन’ या अर्थाचाच शब्द आहे आणि जुन्या इंग्रजी लेखनात त्याचे स्पेलिंगही वेगळे असे. तेव्हा चार अक्षरे चार दिशांशी जुळवून दाखवणे तेथेच कोसळते. आद्याक्षरे जोडून शब्द बनवण्याची प्रथा विसाव्या शतकापूर्वी अगदी विरळ होती. त्याहून जुन्या शब्दाचे असे स्पष्टीकरण कोणी दिले, तर ते बहुधा मागाहून रचलेले आहे असे समजावे.

अ-२०३ : मग पगाराला इंग्रजीत ‘सॅलरी’ म्हणतात, कारण रोमन सैनिकांना पगार म्हणून मीठ देत असत, हेही खोटे का? ते तर पाठ्यपुस्तकांतही वाचल्याचे आठवते.

अ-६०४ : ताई, त्यातील अर्धा भाग खरा आहे. ‘सालारिउम’ हा लॅटिन शब्द मीठ या अर्थाच्या ‘साल’वरून बनला आहे, यात वाद नाही. मात्र सैनिकांना पगाराऐवजी मीठ वाटले जात होते, असे सांगणारा पुरावा प्राचीन लेखनात सापडत नाही. सैनिकांचे वेतन नाण्यांत मिळत असे. प्लिनी या रोमन लेखकाने या शब्दाचा मिठाशी संबंध जोडला आहे, पण तो नेमका कशामुळे आला हे त्याने सांगितलेले नाही. मुलीला सांगताना शब्दाचे मूळ सांगावे आणि मिठाच्या पगाराची गोष्ट वगळावी.

ब-१०४ : एक शेवटची शंका. मिरची आणि मिरी यांचे नाते काय आहे? इंग्रजीतही दोघांना ‘पेपर’च म्हणतात.

क-५०१ : वनस्पती म्हणून त्यांचे काहीच नाते नाही. मिरी वेलीवर येते आणि ती मूळची दक्षिण भारतातील आहे; मिरची झुडपावर येते आणि ती मूळची अमेरिकेतील आहे. कोलंबस मिरीच्याच शोधात निघाला होता. जानेवारी १४९३ मधील दैनंदिनीत बेटांवरील ‘आही’चा, म्हणजे मिरचीचा, उल्लेख ‘त्यांची मिरी’ असा आहे आणि ती आपल्या मिरीपेक्षाही मोलाची असल्याचे म्हटले आहे. तेव्हापासून स्पॅनिशमध्ये मिरीला ‘पिमिएन्ता’ आणि मिरचीला ‘पिमिएन्तो’ अशी जोडीची नावे आहेत. आपणही तेच केले : जिभेला झोंबणारी मिरी ठाऊक होती, तशीच झोंबणारी नवी वस्तू आली तेव्हा मिरीच्या नावावरूनच ‘मिरची’ हे नाव झाले. ‘पेपर’ या शब्दाची कथा तर त्याहून लांबची आहे. तो संस्कृत ‘पिप्पली’वरून ग्रीक आणि लॅटिनमार्गे आलेला आहे, म्हणजे मुळात ते पिंपळीचे नाव होते, युरोपात ते आधी काळ्या मिरीकडे आणि मग मिरचीकडे सरकले.

ब-१०४ : म्हणजे एकाच नावाखाली पिंपळी, मिरी आणि मिरची अशा तीन वनस्पती येऊन गेल्या. पुढच्या रविवारी कॉफीविषयी लिहावे, ही विनंती.

क-५०१ : अवश्य लिहितो. त्यासाठी येमेनमधील मोखा बंदरापासून सुरुवात करावी लागेल. अ-६०४ मधील दादांनी अरबी ‘कहवा’पासून डच ‘कोफी’पर्यंतची रूपे काढून ठेवली, तर दोघे मिळून लिहू.